अकरावं वाक्य

कागदावर दहा वाक्यं असायला हवी होती. होती अकरा.

संचालकांनी कागद टेबलावर ठेवला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. वाक्यं तेवढीच राहिली.

"आज सकाळी एका विद्यार्थिनीचे वडील हा घेऊन आले," ते म्हणाले. "काल, बुधवारी संध्याकाळी, तिच्या क्लासमध्ये सगळ्यांना वाटलाय. शनिवारी दहाला इंग्रजीची परीक्षा आहे. त्या परीक्षेच्या पेपरातला चौथा प्रश्न आहे हा. मी सीलबंद प्रत फोडून ताडून पाहिलं."

"आणि अकरावं वाक्य?"

"सहावंच दोनदा टाईप झालंय. घाईत झालं असेल. चोराला कुठली आलीय सवड?"

समोर बसलेल्या बाईंना कचेरीत सगळे 'भिंग' म्हणत. चौकशी विभागात येण्याआधी अठरा वर्षं त्या एका छापखान्यात प्रुफं तपासत होत्या. डोळ्यांना लागलेली खोड काही सुटली नव्हती. लग्नाची पत्रिका हातात आली तरी त्या आधी पेन्सिल शोधत.

त्यांनी कागद वाचला. दोन छोटी वाक्यं जोडून एक करायचं, असा तो प्रश्न होता. हू, हूम, हूज, विच, दॅट. आपल्याकडे जो-जी-जे म्हटलं की गाडी चालू लागते. इंग्रजीत माणसाला वेगळं, वस्तूला वेगळं, मालकीला वेगळं, आणि वर कॉमा द्यायचा की नाही ही डोकेदुखी वेगळी. या प्रश्नाला बारा गुण होते. नापास होणारे बहुतेक इथेच आपटत.

"शब्दांची चौकट कुठाय?" भिंगनी विचारलं. "या प्रश्नाच्या डोक्यावर पाच शब्दांची चौकट छापतात ना?"

"यात नाही. पण वाक्यं तीच आहेत, कॉमासकट." संचालकांनी खणातून दुसरा कागद काढला. "पेपर काढणाऱ्या मॅडमच्या निलंबनाचं पत्र तयार आहे. त्यांची भाची त्याच क्लासला जाते, आणि शनिवारी परीक्षेला बसतेय. मॅडमनी परीक्षेला बसणाऱ्या नातेवाईकांच्या रकान्यात 'कोणी नाही' लिहिलंय. भाचीचा अर्जही रद्द होईल. कायमचा. पुन्हा कधीही बसता येणार नाही तिला."

"मी आत जाऊन बघते."

"जो आत जाईल, तो पेपर सुटेपर्यंत बाहेर येणार नाही. नियम तुम्हालाही आहे."

"असू दे. तुम्ही पाच वाजता दाराशी या. तोवर पत्रावर सही करू नका."

छपाईची गुप्त खोली इमारतीच्या तळाशी होती. बाहेर लोखंडी दार आणि दारापाशी टेबल टाकून बसलेला किल्लीदार. त्याची पाळी दुपारी बाराला सुरू व्हायची आणि रात्री आठला संपायची. सकाळी दुसरा असे.

"या ताई, या." त्याने भिंगचा फोन घेऊन कपाटात टाकला आणि आपल्या फोनवर वेळ पाहून वहीत लिहिली. दोन वाजून पाच मिनिटं. "आत माणशी उशी एकच आहे. तुमच्यासाठी दुसरी ठेवलीय मी. मानेचं दुखणं वाईट असतं."

"कागद बाहेर गेलाय. तुम्हाला काही कल्पना?"

"मला इंग्रजीतलं ओ की ठो कळत नाही. घरी सून शिकते, तिचं ऐकून कानावर पडतं तेवढंच. पण एक सांगतो, या दारातून चिटोरं गेलेलं नाही. ताटं, वाट्या, कप, सगळं मी धुवून, उलटं करून बघतो. माझ्या नोकरीवर हात ठेवून सांगतो."

भिंगना ते खरं वाटलं. आणि म्हणूनच त्यांना बरं वाटेना.

दार मागे बंद झालं. किल्ली दोनदा फिरली.

खोलीला दोन खिडक्या होत्या, दोन्ही फळ्या ठोकून, सील लावून बंद. हवा येत होती ती छतापाशी असलेल्या जाळीतून, आणि पंखा तीच हवा सगळ्यांना पुन्हा पुन्हा वाटत होता. शाईचा, रॉकेलचा आणि चार दिवस एकाच जागी राहिलेल्या माणसांचा वास कोंडला होता. एका बाजूला छपाईचं यंत्र, एका बाजूला संगणक, मध्ये लांब टेबल. भिंतीवर घड्याळ आणि त्याखाली जाळीची एक छोटी पेटी, तिला लाल बटण. दारात छातीच्या उंचीवर एक झडप, ताट जाईल एवढी. तीही बाहेरूनच उघडायची.

आत तिघं होते. पेपर काढणाऱ्या मॅडम, अक्षरजुळणी करणारा जुळारी आणि मशीनमन. शिशाचे खिळे जाऊन संगणक आला तरी जुळाऱ्याला सगळे जुळारीच म्हणत.

भिंगनी मशीनमनपासून सुरुवात केली. तो यंत्राला टेकून उभा होता, आणि यंत्र पुसायची गरज नसताना पुसत होता.

"छपाई कधी सुरू झाली?"

"झालेलीच नाही. उद्या होणार. माझ्या हातात अजून एक पान आलेलं नाही, आणि संशय मात्र फुकटात आलाय."

"मोबाईल?"

"पहिल्या दिवशीच काढून घेतले. खिसे, पिशव्या, चपलासुद्धा तपासल्या."

"पंखा बंद पडला तर कोणाला सांगता?"

"ही पेटी आहे ना. लाल बटण दाबून धरायचं आणि बोलायचं. दाबलं तरच बाहेर ऐकू जातं. सोमवारी घसा फुटेस्तोवर ओरडलो, कोणी दाद देईना. नंतर कळलं, बोट बटणावर नव्हतं." तो ओशाळून हसला.

जुळारी साठीचा, शांत, जाड चष्म्याचा माणूस होता. त्याने वही उघडून दाखवली. प्रुफाचे किती कागद काढले, किती नष्ट केले, सगळं लिहिलेलं. भिंगनी एकेक मोजलं. एकही कमी नव्हता.

"चौथ्या प्रश्नाचं प्रुफ कधी वाचलंत?"

"मंगळवारी दुपारी. पहिले तीन सकाळी झाले होते. पाचवा चित्रांचा, त्यात वाचण्यासारखं काही नाही."

"कसं वाचता?"

"तुम्ही मला विचारताय?" जुळाऱ्याच्या मिश्या हलल्या. "मॅडम मूळ प्रत मोठ्यानं वाचतात. मी प्रुफावर बोट ठेवून बघतो. कॉमा आला की कॉमा म्हणायचं, पूर्णविराम आला की पूर्णविराम."

"आणि शब्दांची चौकट?"

"ती नजरेनं मिळवतो. पाच शब्द, त्यात काय वाचायचं?"

"सलग वाचलंत सगळं?"

"नाही. सहाव्या वाक्याला मॅडमचा घसा बसला. मग चहा झाला. नंतर एक वाक्य मागून धरलं आणि संपवलं. नेहमीसारखं."

भिंगनी पेन्सिल खाली ठेवली. मिनिटभर त्या घड्याळाकडे बघत राहिल्या. निदान बघणाऱ्याला तरी वाटलं, घड्याळाकडे.

मॅडम कोपऱ्यातल्या खाटेवर ताठ बसल्या होत्या. एकतीस वर्षं वर्गासमोर उभं राहिल्याचा ताठपणा.

"नातेवाईकांच्या रकान्यात 'कोणी नाही' का लिहिलंत?"

"कारण कोणी नाही."

"तुमची भाची?"

"ती यंदा बसत नाहीये. पुढच्या वर्षी बघू म्हणाली."

"शनिवारी बसतेय. बैठक क्रमांक आहे माझ्याकडे. आणि हा कागद ज्या क्लासमध्ये वाटला, तिथंच ती जाते."

मॅडमचा हात खाटेच्या कडेवर गेला आणि तिथंच घट्ट राहिला. चार दिवस त्या या खोलीत बंद होत्या, पण खोली लहान झाली ती आत्ता.

"क्लास?" त्या शेवटी म्हणाल्या. "संध्याकाळी मैत्रिणीकडे जाते म्हणायची."

"तुमच्याजवळच राहते ना?"

"बहीण गेली तेव्हा ही सात वर्षांची होती. मीच वाढवली. दोनदा नापास झाली, दोन्ही वेळा याच प्रश्नात. दुसऱ्या वेळी मी म्हटलं, लोकांची पोरं शिकवली आणि घरात दिव्याखाली अंधार." त्या थांबल्या. "पाहुण्यांसमोर म्हटलं."

"ही दहा वाक्यं तुम्हाला सुचली कशी?"

"तिच्याच चुकांवरून. ती जिथं जिथं अडखळते, तिथं तिथं एकेक वाक्य. आता कोण विश्वास ठेवणार? मला काढून टाका, माझी तक्रार नाही. पण तिचा अर्ज... ताई, तिला यातलं काही माहीत नाही हो."

त्यांना रडू फुटलं. भिंगना वाईट वाटलं. पण वाईट वाटून घ्यायला शनिवारनंतर भरपूर वेळ होता.

"मंगळवारी घसा बसला तेव्हा चहा कोणी मागवला?"

"कोणी नाही. मी नुसतं म्हटलं, घशाला कोरड पडलीय, आता चहा असता तर. तेवढ्यात झडप वाजली. साडेतीनलाच! एरवी चहा पाचला येतो. सोबत खोकल्याच्या गोळ्यासुद्धा. किल्लीदार काकांना मन ओळखता येतं. देवमाणूस आहे."

"खरंच," भिंग म्हणाल्या.

मग त्यांनी एक विचित्र गोष्ट केली. चिठ्ठीवर काहीतरी खरडलं, आधी मॅडमना दाखवलं, मग ओठांवर बोट ठेवून बाकी दोघांना. मशीनमनने डोळे मोठे केले. जुळाऱ्याने चष्मा वर सरकवून चिठ्ठी वाचली आणि खाली 'बरं' असं लिहून सही केली. जन्माची सवय.

साडेचारला मॅडम खाटेवरूनच, नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "आज चहा नको वाटतोय. पोटात नुसती आग पडलीय. कपभर थंड दूध मिळालं असतं तर बरं झालं असतं."

"सांगू का बाहेर?" जुळाऱ्याने विचारलं.

"नको. उगाच कशाला त्रास द्यायचा?"

कोणीही जागचं हललं नाही. लाल बटणाजवळ कोणी गेलं नाही. पंखा फिरत राहिला. मशीनमनने यंत्र पुन्हा पुसायला घेतलं.

पाच वाजले. झडप उघडली. किल्लीदाराचा चेहरा त्या चौकटीत आला, त्याच्यामागे संचालक उभे होते. ट्रे आत सरकला.

तीन कप चहा. एका कपात दूध. थंड.

आत कोणी हात पुढे केला नाही.

"घ्या ना," किल्लीदार म्हणाला. "चहा निवेल."

"काका, दूध कोणासाठी?" भिंगनी विचारलं.

"मॅडमसाठी. पोटात आग..."

तो थांबला. ट्रेवरचा त्याचा हात तसाच राहिला.

"साहेब," भिंग संचालकांना म्हणाल्या, "आतून कोणी दूध मागवलं का, ते वहीत बघा."

संचालकांनी वही पाहिली. "तुम्ही आत गेल्यानंतर एकही नोंद नाही."

"मग यांना कसं कळलं?"

संचालक हळूच म्हणाले, "बाहेरच्या पेटीला दुसरं बटण आहे. दाबलं की आतलं सगळं ऐकू येतं. दोन वर्षांपूर्वी एकजण आत चक्कर येऊन पडला, त्याला हाकही मारता आली नाही. तेव्हा मीच ते लावून घेतलं. आतल्यांना सांगितलं नाही. अवघडल्यासारखं होईल म्हणून."

"अवघडलं नाही कोणी," भिंग म्हणाल्या. "चोरी झाली. आता नीट ऐका. आपण सगळे एकच विचारत होतो, कागद बाहेर गेला कसा? किल्लीदार काकांनी छातीठोकपणे सांगितलं, चिटोरंही गेलं नाही. ते खरं आहे. कागद गेलाच नाही. आवाज गेला."

"कशावरून?" संचालकांनी विचारलं.

"अकराव्या वाक्यावरून. तुम्ही म्हणालात, घाईत दोनदा टाईप झालं. घाईतला माणूस एखादं वाक्य गाळतो, दोनदा लिहीत नाही. मूळ प्रतीत ते एकदा आहे, प्रुफात एकदा आहे. जगातल्या कुठल्याही कागदावर ते दोनदा नव्हतं. पण मंगळवारी दुपारी ते दोनदा वाचलं गेलं. प्रुफ वाचताना मध्ये थांबलं, तर पुन्हा सुरू करताना एक वाक्य मागे जायचं. धागा सुटू नये म्हणून. आमच्या धंद्यातली रीत आहे ती. अठरा वर्षं मीही हेच केलं. शब्दांची चौकट नजरेनं मिळवतात, वाचत नाहीत. म्हणून ती कागदावर नाही. कॉमा मोठ्यानं वाचतात. म्हणून कॉमा मात्र एकूण एक जागेवर आहेत."

जुळाऱ्याने कपाळावर हात मारला.

"म्हणजे कोणीतरी ऐकत होतं. पण पहिले तीन प्रश्नही तसेच वाचले गेले, ते का फुटले नाहीत? ते सकाळी वाचले. सकाळी दारावर दुसरा माणूस असतो. चौथा दुपारी, काकांच्या पाळीत. त्याच वेळी मॅडमच्या घशाला कोरड पडली आणि चहा हजर झाला. मन ओळखून नव्हे, कान लावून. तरी मला खात्री हवी होती. म्हणून मॅडमना दूध मागायला लावलं."

झडपेच्या चौकटीत किल्लीदाराचा चेहरा तसाच होता. आतून पाहताना वाटत होतं, कोंडलेला तोच आहे.

"तुम्हाला इंग्रजी येत नाही, हेही खरं," भिंग म्हणाल्या. "मग टाईप कोणी केलं?"

किल्लीदाराने ट्रेवरचा हात मागे घेतला. "फोनवर टेप केलं. सुनेच्या क्लासवाल्या सरांना नेऊन दिलं. म्हटलं, यातलं काय ते सुनेला तेवढं समजावून सांगा. मला वाटलं, फक्त तिलाच सांगतील. त्यांनी सगळ्या वर्गाला वाटलं." त्याने डोळे पुसले. "पहाटे उठून स्वयंपाक करते, मग ते हू-हूम घोकत बसते पोर. बघवत नव्हतं. तिला काही माहीत नाही, साहेब. तिचा अर्ज..."

दोन तासांपूर्वी याच खोलीत हेच शब्द कोणीतरी बोललं होतं. मॅडमनी मान फिरवली. देवमाणूस हा शब्द त्यांच्या घशात अडकला असावा.

"बारा गुणांसाठी तुम्ही मॅडमची एकतीस वर्षं पणाला लावलीत," भिंग म्हणाल्या. त्यांना राग आला होता आणि तो त्यांनी लपवला नाही. "त्यांच्यावर आळ येतोय हे तुम्ही दुपारपासून कान लावून ऐकत होतात. रडल्या त्याही ऐकल्या असतील. तरी बोलला नाहीत. दूध मात्र आणलंत."

किल्लीदाराने मान खाली घातली. संचालकांनी त्याच्या कमरेची किल्ली काढून घेतली, वरून दोन शिपायांना बोलावलं आणि त्याला वर पाठवलं.

"सुनेचं काय करायचं?" संचालकांनी विचारलं.

"कागद सगळ्या वर्गाला मिळालाय. आख्ख्या वर्गाला शिक्षा करणार का? हा पेपरच बाद करा. राखीव पेपर तिजोरीत आहे ना?"

"आहे. दुसऱ्या शिक्षकांनी काढलेला."

"मग तो छापा. सून बसू दे. आणि भाचीसुद्धा. तिच्या मावशीने काढलेला पेपर आता परीक्षेत नाहीच."

संचालकांनी विचार केला. नियम मनात उलटसुलट केला. "मॅडमनी राखीव पेपर पाहिलेला नसेल, तर हरकत नाही."

"मॅडम," भिंग म्हणाल्या, "उठा. राखीव पेपर आत यायच्या आधी तुम्ही बाहेर व्हा."

मॅडमना आधी समजलंच नाही. मग त्या उठल्या. टेबलावरून त्यांनी आपला पेपर उचलला. आयुष्यातला सर्वांत चांगला पेपर काढलाय, असं त्या सोमवारी जुळाऱ्याला म्हणाल्या होत्या. कागद कातरायच्या यंत्रात त्यांनी तो स्वतःच्या हाताने घातला. पानामागून पान. एकदाही थांबल्या नाहीत.

किल्ली दोनदा फिरली, दार उघडलं. मॅडम उंबऱ्यापलीकडे गेल्या. भिंग अलीकडे राहिल्या. त्यांना शनिवारपर्यंत सुटका नव्हती.

"फोन मिळेल का माझा?" मॅडमनी विचारलं.

संचालकांनी कपाटातून काढून दिला. मॅडमनी तिथेच, दारात उभं राहून नंबर लावला. पलीकडचा आवाज उघड्या दारातून आत ऐकू येत होता.

"मावशी? तू तर शनिवारी दुपारी येणार होतीस!"

"लवकर सुटले. तू शनिवारी परीक्षेला बसतेयस, ते कळलं मला."

पलीकडून अगदी बारीक आवाज आला. "रागावलीस?"

"नाही गं." मॅडमनी भिंतीचा आधार घेतला. "एक विचारू? खरं सांग. या हू-हूमचं तुला नेमकं अडतं कुठं?"

वर्गात त्यांनी हजारो प्रश्न विचारले होते. उत्तर माहीत नसलेला बहुधा हा पहिलाच.

"एकटी करते तेव्हा येतं गं सगळं," भाची म्हणाली. "तू समोर बसलीस की अडतं. पेपरातही तूच समोर बसल्यासारखी वाटतेस."

मॅडमनी डोळे मिटले. संचालक उगाचच किल्ल्या मोजू लागले.

"बरं," मॅडम म्हणाल्या. "मग मी शेजारी बसते."